आधी नाती मांडा, मग क्रियापदं

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाचं इंग्रजी कागदावर नीट चालतं आणि चारचौघांत अडतं. 'टॉलरेट', 'ॲडमायर', 'क्वारल', 'रेकन्साइल' हे शब्द त्याला स्पेलिंगसकट येतात. पण जेवणाच्या टेबलावर कुणी सहज म्हणालं, 'वी फेल आऊट, बट वी मेड अप द नेक्स्ट डे', की तो बुचकळ्यात पडतो. फेल म्हणजे पडले, आऊट म्हणजे बाहेर, मेकअप म्हणजे रंगभूषा. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र हाती लागत नाही. समोरचा एवढंच सांगत असतो की आमचं बिनसलं होतं, पण दुसऱ्या दिवशी मिटलं.

माणसं एकमेकांशी कशी वागतात याबद्दल इंग्रजीत जे बोललं जातं, ते बरंचसं अशा जोडक्रियापदांत, म्हणजे फ्रेझल व्हर्ब्जमध्ये असतं. त्याच्या जोडीला 'ॲज स्टबर्न ॲज अ म्यूल'सारख्या ठरीव उपमा येतात. परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जड जातात ती हीच क्रियापदं, असं सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. तेव्हा अडखळणाऱ्यानं स्वतःला कमी समजू नये. शिवाय मराठी माणसाला ही तऱ्हा घरचीच आहे. 'बघणं' ठाऊक आहे आणि 'घेणं'ही ठाऊक आहे, तरी 'तुला बघून घेईन' यातली धमकी परक्याला कळत नाही. 'बोलून दाखवलं' यातली बोच त्याला टोचत नाही. आपल्याला ती कळते, कारण कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी असं म्हणतं हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. यादी कुणी पाठ करून घेतली नव्हती.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण यादीच धरतो. गाइडमध्ये 'लुक' या एका शब्दाखाली लुक आफ्टर, लुक इनटू, लुक अप, लुक अप टू, लुक डाऊन ऑन अशी रांग लावलेली असते. पाठ केली की चार दिवसांत सगळी एकमेकांत मिसळतात, कारण त्यांना जोडणारा धागा फक्त 'लुक' हा असतो आणि अर्थाशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून माझं सांगणं असं, की क्रियापद धरून शिकू नका, नातं धरून शिका. त्याची कृती पुढे दिली आहे. रोज वीस मिनिटं दिली तर महिन्याभरात निदान पंचवीस क्रियापदं तोंडात बसावीत.

सामग्री

एक शंभर पानी वही, पेन्सिल, खोडरबर, आवाज रेकॉर्ड करता येईल असा फोन, आणि आठवड्यातून दोनदा तुमचं ऐकून घेणारं एक माणूस. त्याला इंग्रजी तुमच्यापेक्षा जास्त यायलाच हवं असं नाही. शिवाय शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना सहकाऱ्यांबरोबर असा कोश तयार केला. तो 1942 साली तिथेच निघाला आणि पुढे ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी या नावानं जगभर गेला. आज तो फोनवरही बघता येतो. इंग्रजी-मराठी कोश हाताशी असू द्या, पण या कामाला तो पुरा पडत नाही. तो अर्थ देतो, पण कर्म कुठे बसवायचं ते सांगत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते.

पहिली पायरी: पाच माणसं

वहीच्या मधोमध स्वतःचं नाव लिहा. वर एक वडीलधारं माणूस, खाली वयानं किंवा हुद्द्यानं लहान असलेलं एक, डाव्या-उजव्या हाताला बरोबरीची दोन, आणि कोपऱ्यात एक न पटणारं माणूस. सगळी खरी, रोजच्या ओळखीतली हवीत. काल्पनिक माणसांवर शिकलेलं क्रियापद टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्यापासून त्यांच्याकडे आणि त्यांच्यापासून तुमच्याकडे पेन्सिलीनं बाण काढा. प्रत्येक बाणावर मराठीत लिहा, अगदी घरात बोलतो तसं: 'आत्याला मी फार मानतो.' 'आत्या मला फैलावर घेते.' 'धाकटा उलट बोलतो.' 'शेजारच्या टेबलावरच्याशी माझं छान जमतं.' 'वरच्या मजल्यावरच्या काकांचं मी निमूट सोसतो.' पहिला दिवस एवढ्यावरच थांबा. इंग्रजी आज आणायचं नाही.

दुसरी पायरी: बाणाची दिशा बघून क्रियापद बसवा

सगळ्या कृतीत जास्त वेळ इथे द्यायचा. वागण्याबोलण्याच्या क्रियापदांना दिशा असते. काही खालून वर जातात, काही वरून खाली येतात, काही फक्त बरोबरीत चालतात.

खालून वर जाणारी: 'लुक अप टू' म्हणजे एखाद्याला मानणं. 'आन्सर बॅक' किंवा 'टॉक बॅक' म्हणजे मोठ्यांना उलट उत्तर देणं. 'सक अप टू' म्हणजे पुढे-पुढे करणं, लाळघोटेपणा करणं. 'स्टँड अप टू' म्हणजे वरचढ माणसापुढे न दबता उभं राहणं.

वरून खाली येणारी: 'लुक डाऊन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणं, 'टेल ऑफ' म्हणजे रागावणं, खडसावणं, 'पिक ऑन' म्हणजे एकट्यादुकट्याला धरून त्रास देणं.

बरोबरीची: 'गेट ऑन विथ' म्हणजे जमणं, 'हँग आऊट विथ' म्हणजे बरोबर वेळ घालवणं, 'फॉल आऊट विथ' म्हणजे बिनसणं, 'मेक अप विथ' म्हणजे मिटवणं. 'पुट अप विथ', म्हणजे सोसणं, हे मात्र कुठल्याही बाणावर चालतं.

दिशा चुकली की व्याकरण बरोबर असूनही वाक्य बिघडतं. 'मी मॅनेजरला चांगलंच सुनावलं' हे मराठीत झकास वाक्य आहे, कारण 'सुनावणं' वरच्यालाही चालतं आणि खालच्यालाही. त्याचं 'आय टोल्ड माय मॅनेजर ऑफ' केलंत, तर ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटतं. 'टेल ऑफ'मध्ये रागावणारा वरचा असतो: आई मुलाला, शिक्षक विद्यार्थ्याला, साहेब कारकुनाला. तुम्ही मॅनेजरला शाळकरी पोर करून टाकलंत, असा त्याचा सूर होतो. तुम्हाला म्हणायचं असतं, 'आय स्टुड अप टू माय मॅनेजर'. मी दबलो नाही, तोंडावर बोललो.

इथेच 'स्टँड अप टू' आणि 'स्टँड अप फॉर' यांची गल्लत होते. 'टू' आलं की समोर उभं राहणं, 'फॉर' आलं की पाठीशी उभं राहणं. रोआल्ड डालच्या 1988 सालच्या 'मटिल्डा' या कादंबरीत ही दोन्ही एकत्र सापडतात. मुख्याध्यापिका ट्रंचबुल पोरांना छळते, म्हणजे 'शी पिक्स ऑन देम'. मटिल्डा तिच्यापुढे नमत नाही, म्हणजे 'शी स्टँड्स अप टू हर'. आणि आपल्या लाडक्या बाई मिस हनी यांच्यासाठी ती उभी राहते, तेव्हा 'शी स्टँड्स अप फॉर मिस हनी'. पुस्तक मुलांचं आहे, पण मोठ्या माणसानं ते याच कामासाठी जरूर वाचावं. बाण काढायला इतकी सोपी गोष्ट दुसरी क्वचितच मिळेल.

पहिल्या आठवड्यात पाचच बाणांवर पाचच क्रियापदं बसवा. मराठी वाक्य खोडू नका, त्याच्या खाली इंग्रजी लिहा.

तिसरी पायरी: 'हिम' घालून बघा

प्रत्येक क्रियापद कोशात उघडा. ही रूपं मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी वेगळी दिलेली असतात. काही रूपांत दोन टोकांचा छोटा बाण छापलेला दिसेल. त्याचा अर्थ, हे क्रियापद मधोमध उघडतं आणि कर्म आत घेतं. 'टेल ऑफ', 'लेट डाऊन', 'पुट डाऊन', 'ब्रिंग अप' ही उघडणारी आहेत. 'पिक ऑन', 'लुक आफ्टर', 'टेक आफ्टर' ही बंद असतात.

उघडणाऱ्या क्रियापदात नाव असेल तर दोन्ही जागा चालतात: 'शी टोल्ड द बॉय ऑफ' किंवा 'शी टोल्ड ऑफ द बॉय'. पण सर्वनाम आलं की जागा एकच, मधली. 'शी टोल्ड हिम ऑफ' बरोबर, 'शी टोल्ड ऑफ हिम' चूक. बंद क्रियापदाचं उलट: 'दे पिक ऑन हिम' असंच म्हणायचं, 'दे पिक हिम ऑन' कधीच नाही. आणि तीन शब्दांची जी आहेत, 'लुक अप टू', 'पुट अप विथ', 'फॉल आऊट विथ', 'गेट ऑन विथ', त्यांच्या मध्ये अशा वाक्यांत काही शिरत नाही. कर्म नेहमी शेवटी.

हा नियम घोकत बसू नका. प्रत्येक क्रियापदाचं एक वाक्य 'हिम' किंवा 'हर' घालून लिहा आणि दहादा मोठ्यानं म्हणा. 'लेट मी डाऊन, टोल्ड हिम ऑफ, ब्रॉट हर अप' हे जिभेला वळण पडलं की नियम आठवावा लागत नाही.

चौथी पायरी: जोर शेवटी

आपण इंग्रजी बोलताना प्रत्येक शब्दाला सारखंच वजन देतो. ही क्रियापदं तशी म्हटली की समोरच्याला नीट कळत नाहीत. 'टोल्ड हिम ऑफ' मध्ये जोर 'ऑफ'वर, 'लेट मी डाऊन' मध्ये 'डाऊन'वर. 'हिम' तर इतका हलका होतो की त्यातला 'ह' बहुतेक गळतो आणि 'टोल्डिम ऑफ' ऐकू येतं. 'पुट अप विथ' हे तीन तुकडे नसून 'पुटप्-विथ' असं सलग जातं, जोर 'अप'वर. 'पिक ऑन' हे 'पिकॉन'सारखं ऐकू येतं, पण वजन 'पिक'वर पडतं. बंद क्रियापदांत असं पुष्कळदा होतं.

क्रियापदाचं नाम झालं की जोर पुढे सरकतो. 'ही लाइक्स टू शो ऑफ' मध्ये 'ऑफ' जड, तर 'ही इज अ शो-ऑफ' मध्ये 'शो' जड. फोनवर स्वतःचं रेकॉर्ड करून ऐका. जोर कुठे पडतोय हे बोलताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतं.

पाचवी पायरी: एका मैत्रीची साखळी

सुटी वाक्यं झाली की ती गोष्टीत ओवायची. मैत्रीचा प्रवास इंग्रजीत ठरलेल्या टप्प्यांनी जातो. पहिल्याच भेटीत सूर जुळले: 'दे हिट इट ऑफ'. मग जमू लागलं: 'दे गॉट ऑन वेल'. बरोबर भटकू लागले: 'दे हंग आऊट टुगेदर'. एकानं ऐनवेळी दगा दिला: 'ही लेट हिम डाऊन'. बिनसलं: 'दे फेल आऊट'. चूक कबूल केली: 'ही ओन्ड अप'. मिटलं: 'दे मेड अप'. किंवा मिटलं नाही आणि हळूहळू दुरावले: 'दे ड्रिफ्टेड अपार्ट'.

तुमच्या एका खऱ्या मैत्रीवर या साखळीत आठ-दहा वाक्यं लिहा, सगळी भूतकाळात. 'फेल', 'हंग', 'स्टुड', 'लेट', 'मेड' ही रूपं अशीच पक्की होतात. खरी मैत्री उघड करायची नसेल, तर आर. के. नारायण यांची 1935 सालची 'स्वामी अँड फ्रेंड्स' घ्या. स्वामी नव्या राजमच्या मागे-मागे राहतो म्हणून जुने सोबती त्याला शेपूट म्हणतात आणि बोलणं टाकतात. पुढे राजमच सगळ्यांना घरी बोलावून समेट घडवून आणतो. जवळजवळ सगळी साखळी त्यात आहे, आणि पोरं आपल्याकडच्या शाळेतलीच वाटतात.

वहीतली गोष्ट ऐकणाऱ्याला वाचून दाखवू नका, न बघता सांगा. अडलात तर त्यानं इंग्रजी शब्द सुचवायचा नाही, मराठी वाक्य आठवून द्यायचं: 'मग तुमचं बिनसलं ना?' तेवढ्यानं 'फेल आऊट' बहुधा वर येतं.

सहावी पायरी: उपमांना तीन प्रश्न

क्रियापदं बसल्यावरच उपमांना हात घाला. त्या मजेशीर असतात, म्हणून आधी त्याच पाठ कराव्याशा वाटतात. पण एक स्पष्ट सांगतो: तीस उपमा ओळखता याव्यात आणि पाचच वापराव्यात. 'ॲज बिझी ॲज अ बी' प्रत्येक वाक्यात आलं की बोलणं शाळेच्या निबंधासारखं वाटू लागतं.

प्रत्येक उपमेला तीन प्रश्न विचारा. स्तुती आहे की टोमणा? तोंडावर म्हणायची की पाठीमागे? आणि हाच प्राणी, हीच वस्तू मराठीत याच अर्थानं येते का? फसगत तिसऱ्या प्रश्नात होते.

कोल्हा दोन्हीकडे धूर्त, तेव्हा 'ॲज स्लाय ॲज अ फॉक्स'ला काही अडत नाही. पण उंदीर? आपला उंदीर रात्रभर खुडबुड करतो. इंग्रजीत 'ॲज क्वायट ॲज अ माऊस' म्हणजे अगदी गप्प, चिडीचूप. आपला मोर नाचतो, देखणा असतो. इंग्रजीतला मोर गर्विष्ठ: 'ॲज प्राउड ॲज अ पीकॉक'. घुबड आपल्याकडे अशुभ, तिकडे शहाणं: 'ॲज वाइज ॲज ॲन आऊल'. आजोबांबद्दल कुणी असं म्हणालं तर तो मान आहे.

'ॲज गुड ॲज गोल्ड' ऐकून 'शंभर नंबरी सोनं' आठवतं, पण मोजमाप वेगळं आहे. ते बहुतेकदा मुलाबद्दल म्हणतात: तुम्ही बाहेर होतात तेवढा वेळ पोरानं अजिबात त्रास दिला नाही. एखाद्या सच्च्या, निःस्वार्थी माणसाला उद्देशून म्हणाल तर त्याची थोरवी त्यात उतरणार नाही. 'ॲज थिक ॲज थीव्ज' मध्ये चोर आले म्हणून दचकू नका. त्याचा अर्थ घट्ट दोस्ती, फार तर दोघांचं काहीतरी गुपित चालू असल्याची छटा. 'लाइक चॉक अँड चीज' म्हणजे दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. ब्रिटनमध्ये सख्ख्या भावंडांबद्दल हे हमखास ऐकू येतं. 'लाइक वॉटर ऑफ अ डक्स बॅक' हे आपलं पालथ्या घड्यावर पाणी नव्हे. घड्याच्या म्हणीत उपदेश वाया गेल्याची चीड आहे. बदकाच्या पाठीवरून ओघळणारं पाणी बहुतेकदा टीकेचं असतं, आणि ती अंगाला लावून न घेणाऱ्याचं त्यात कौतुकही असू शकतं.

सगळ्यात जास्त घोटाळा 'दे गॉट ऑन लाइक अ हाऊस ऑन फायर' याचा होतो. घर पेटलं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे भांडण येतं, घराला आग लावणारी माणसं येतात. इंग्रजीत अर्थ बरोबर उलट: पाहता पाहता दोघांचं असं जमलं की विचारू नका. इथे आगीचा झपाटा घेतलाय, नासधूस घेतलेली नाही. नवी सून आणि सासू यांच्याबद्दल परदेशातल्या व्याह्यांनी हे वाक्य फोनवर म्हटलं, तर काळजी करण्याचं कारण नाही, पेढे वाटावेत. वाक्यात 'गॉट ऑन' आहे हे तुम्हाला दुसऱ्या पायरीपासून ठाऊक आहे. ते ऐकू आलं की आगीचा अर्थ चुकत नाही. उपमा क्रियापदांच्या नंतर घ्यायच्या त्या याचसाठी.

ठरीव उपमेत शब्द बदलायचे नाहीत. सोन्याच्या जागी चांदी, खेचराच्या जागी गाढव घातलं की ती मोडते. 'ॲज' हलका म्हणा, 'अझ' इतकाच. बोलताना पहिला 'ॲज' पुष्कळदा गळतोच: 'शी वॉज गुड अझ गोल्ड'.

प्राणी नसलेल्या दोन साध्या तुलना मात्र रोज वापरा, त्या कधी शिळ्या होत नाहीत. 'एव्हरी बिट ॲज … ॲज' म्हणजे तसूभरही कमी नाही: 'शी इज एव्हरी बिट ॲज स्टबर्न ॲज हर मदर'. 'नोव्हेअर निअर ॲज … ॲज' म्हणजे त्याच्या जवळपासही नाही: 'ही इज नोव्हेअर निअर ॲज शाय ॲज ही लुक्स', दिसतो तेवढा तो मुळीच बुजरा नाही. तुमच्या पाच माणसांची आपसांत तुलना करून अशी सहा वाक्यं लिहा.

सातवी पायरी: कुठे वापरू नये

ही सगळी भाषा बोलण्यातली आणि घरगुती पत्रातली. अर्जात, तक्रारीत, अहवालात पुस्तकी शब्दच शोभतात. तिथे 'टॉलरेट' लिहिलं तर बिघडत नाही. 'सक अप टू' हा तर शिवराळपणाकडे झुकणारा शब्द, ओळखायला शिका आणि ऑफिसात टाळा. 'टिक ऑफ' जपून वापरा: लंडनच्या मावशीला 'आय गॉट टिक्ड ऑफ' म्हणजे मला रागावले असं वाटेल, न्यू जर्सीच्या भाच्याला मी वैतागलो असं.

आपल्याकडच्या इंग्रजीतली दोन रूपंही तपासून घ्या. मुलाला 'डोन्ट गिव्ह मी बॅक आन्सर्स' म्हणणं भारतात सगळ्यांना कळतं, बाहेर 'डोन्ट आन्सर बॅक' किंवा 'डोन्ट टॉक बॅक' म्हणावं. आणि 'आय पास्ड आऊट इन 2010' असं परदेशी पाहुण्याला सांगितलं, तर तुम्हाला भोवळ आली होती असं तो समजण्याचा संभव आहे. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा.

उजळणी

नवं क्रियापद दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी म्हणून बघायचं. ऐकणाऱ्यानं बाणावरचं मराठी वाक्य वाचायचं आणि तुम्ही न थांबता इंग्रजी बोलायचं. थांबलात तर त्यानं पेन्सिलीनं टिंब करावं. दोन टिंबं पडलेली वाक्यं पुढच्या पानावर सगळ्यात वर उतरवा. महिना झाला की पान उलटून पाच नवी माणसं मांडा. आधी घरची घेतली असतील तर आता कामावरची घ्या, आणि बाण पुन्हा मराठीतूनच सुरू करा.